बाबा फाटकाच्या आत

टोकाबो बेट, दक्षिण कॅरोलायना
१८ एप्रिल १९९५

चि. जोसेफस यास एव्हलिनाताईचे अ. उ. आ.

पत्रं कसली लिहितेस, फोन कर, असं तू दर वेळी म्हणतोस. पण फोनवर माझं वाक्य निम्म्यात असतानाच तुझं बरं बरं, बरं बरं सुरू होतं. पत्राला बरं बरं म्हणता येत नाही. तेव्हा बस आणि वाच.

आईचं आहे तसंच आहे. सकाळी मक्याच्या कण्या दोन घास खाते, कोळंबीचा रस्सा चाटून बघते आणि मीठ कमी पडलं म्हणते. डॉक्टर म्हणतो, हृदय थकलंय. आई म्हणते, डॉक्टरच थकलेला दिसतो, त्याला काहीतरी खायला दे. पण जोसेफस, ती आता खरंच निघालीये. रोज एकच विचारते, बाबांच्या शेजारची जागा साफ ठेवलीयस ना? मी हो म्हणते.

म्हणून काल, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, बाबांकडे गेले. फाटकावर कोण असेल सांग? आपला आयझेया, रिबेकाकाकीचा. अंगावर गणवेश, डोक्यावर कंपनीची टोपी. खाली बघत मला म्हणतो, ताई, पास दाखवा, आत काय काम आहे ते सांगा. अरे मेल्या, म्हटलं, तुझा बापही आतच पुरलाय, त्याला भेटायला तू कुणाचा पास काढतोस? बिचारा ओशाळला. वर कॅमेरा आहे म्हणाला. मग दाखवला पास. या कंपनीने आपल्या आजोबांची जमीन कोर्टकचेरी करून लाटली, तिच्यावर गोल्फ मांडला आणि नाव काय दिलं, तर टाइडवुड प्लँटेशन, म्हणजे गुलाम राबायचे तो मळा. पणजोबांच्या पाठीवर ज्या शब्दाचे वळ होते, तो शब्द हे लोक सोनेरी अक्षरांत लिहितात आणि त्याच्यापुढे फोटो काढतात. आयत्या बिळावर नागोबा!

आत जाऊन बघते तर बाबांची कबर बोडकी. त्यांचा चहाचा कप नाही, कंदिलाची काच नाही, ते गेले त्या वेळेला थांबवलेलं घड्याळ नाही. रिबेकाकाकीची बशी नाही, कुणाचंच काही नाही. सगळीकडे पांढरी खडी पसरलेली आणि एक बाक. मी ऑफिसात गेले. तिथला मॅनेजर हॅल्वर्सन म्हणून आहे, तुझ्या धाकट्याएवढा, भारी गोड बोलणारा. म्हणाला, मॅडम, तिथे फुटका कचरा साठला होता, आम्ही स्वखर्चाने उचलला. स्वखर्चाने! लहान पोराला सांगावं तसं त्याला सांगितलं की माणसानं शेवटी वापरलेली वस्तू आम्ही त्याच्या कबरीवर ठेवतो आणि मुद्दाम फोडून ठेवतो. फोडली की साखळी तुटते, मग त्याच्यामागून घरातलं दुसरं माणूस जात नाही. तो मान डोलवत होता. किती सुंदर, किती सुंदर, म्हणत होता. बरं बरं म्हणणारे फिलाडेल्फियातच असतात असं नाही.

आणि आता खरी गोष्ट. बाकाशेजारी पाटी लावलीये. ऐतिहासिक दफनभूमी, यापुढे नवे दफन होणार नाही. हॅल्वर्सनला विचारलं तर म्हणाला, कंपनीचं धोरण आहे. आईला यातलं काही बोललेले नाही. तू शिकलेला आहेस, काय करायचं ते सांग.

लाल भाताचं पातेलं घासताना तुझी आठवण येते, खरवड कुणी मागत नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
एव्हलिनाताई

—

फिलाडेल्फिया
२७ एप्रिल १९९५

ती. एव्हलिनाताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. पण ताई, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू आता त्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटणार. कृपा करून तसं करू नकोस. आपण ओरडलो की त्यांना बरंच असतं, मग ते कबरीचं बोलत नाहीत, आपल्या आवाजाचं बोलतात. मी इथे चाळीस वर्षं हेच शिकलो. दुकानात मागे माणूस फिरतो, मी त्याला सुप्रभात म्हणतो. लिफ्टमध्ये बाई पर्स छातीशी धरते, मी छताकडे बघतो. डोकं शांत ठेवलं म्हणून नोकरी टिकली, घर झालं.

मी कंपनीला रीतसर, सभ्य पत्र लिहिलं आहे. नकार देताच येणार नाही असं लिहिलं आहे. आईला त्रास होईल असं काही कानावर घालू नकोस. तुझ्या भावजयीच्या, मर्टलच्या, गुडघ्याचं ऑपरेशन लांबलं आहे, ती तुला नमस्कार सांगते आणि म्हणते, तू केलेल्या तिळाच्या वड्या पोस्टात निम्म्या फुटल्या, उरलेल्या निम्म्या कुणी खाल्ल्या ते पोस्टालाच ठाऊक.

राग येऊ देऊ नकोस, आला तर माझ्यावर काढ.

तुझा,
जोसेफस

—

टोकाबो
९ मे १९९५

चि. जोसेफस यास अ. आ., पण आज थोडे कमीच.

तुझ्या सभ्य पत्राचा परिणाम झाला बरं का. हॅल्वर्सन स्वतः घरी आला, हातात फुलं. म्हणाला, तुमच्या भावाचं पत्र फार हृदयस्पर्शी होतं. दफनाबद्दल काही करता येणार नाही, पण झाल्या चुकीची भरपाई आम्ही केलीये, येऊन बघा. आईच्या खोलीचं दार उघडं होतं. तिने सगळं ऐकलं. दफन होणार नाही, हेसुद्धा.

मी बघायला गेले. जोसेफस, त्यांनी दुकानातून नवंकोरं काचसामान आणलंय. सोनेरी काठाचे कप, बशा, किटली, आणि प्रत्येक कबरीवर हारीने मांडलंय. अखंड! एकालाही साधा टवका नाही. बाबांच्या उशाशी तर आख्खा चहाचा सेट, जणू पाहुणे यायचेत. आणि शेजारी पितळी पाटी, स्थानिक परंपरेचा आदर म्हणून. मी त्याला एवढं समजावलं होतं की फोडून ठेवतात. त्याने कप तेवढे ऐकले, फोडणं ऐकलं नाही. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं.

घरी येऊन कामाला लागले, तर आईने चेहऱ्यावरून ओळखलं. सांगावंच लागलं. एवढी सोसलेली बाई, पण हे ऐकून तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, अखंड भांडी ठेवलीत म्हणजे दार उघडं ठेवलंय. मी एकटी जायची होते, माझ्यामागून आता तू येशील, एव्हलिना. मी हसून उडवलं. माझं अडुसष्ट वय, मला काय धाड भरलीये! पण ती रात्रभर जागी होती. मरायला निघालेल्या बाईला माझ्या जिवाची काळजी लावून ठेवली त्या गोड माणसाने.

आता तू काय लिहिणार आहेस? आणखी हृदयस्पर्शी?

तुझी ताई

—

फिलाडेल्फिया
१६ मे १९९५

ती. ताईस सा. न. वि. वि.

विनंती काही नाही. विशेष आहे, तेवढं सांगतो.

पत्र बाजूला ठेवून मी थेट कंपनीला फोन केला. ऑफिसात बोलतो त्या आवाजात नाव सांगितलं, फिलाडेल्फियाहून बोलतोय म्हटलं, टोकाबोवरच्या जागेबद्दल विचारायचंय म्हटलं. तिथल्या बाईंनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. साहेब साहेब करत हॅल्वर्सनला जोडून दिलं. तो म्हणाला, साहेब, अगदी योग्य वेळी फोन केलात, पाण्याकाठचे शेवटचे काही प्लॉट राहिलेत. मी थक्क होऊन ऐकत राहिलो. म्हणाला, जुन्या झाडांची सावली आहे, शांतता आहे, फाटकावर पहारा आहे, कुणीही उठून आत येत नाही. कोणती झाडं ते विचारलं. ताई, आपल्या कबरस्थानाला लागून असलेला तुकडा तो मला विकत होता.

मी म्हटलं, ती जागा मला चांगली माहीत आहे, तिथे माझे वडील आहेत, मी अल्डोनियाबाईंचा मुलगा. पलीकडचा सूरच बदलला. जणू वेगळाच माणूस बोलायला लागला. धोरण, कायदेशीर बाबी, लेखी कळवू. मगाचा साहेब कुठे गेला कुणास ठाऊक.

मी फोन ठेवला आणि मर्टलसमोर टेबलावर हात आपटला. ती घाबरली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. हात अजून दुखतोय.

आई कशी आहे? उलट टपाली कळव.

तुझा,
जोसेफस

—

टोकाबो
३० मे १९९५

चि. जोसेफस यास अ. उ. आ.

तुझ्या दुखऱ्या हाताला माझा मुका. उशीर झाला, पण आपटलास!

मी काय केलं ते दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. रविवारी चर्च सुटल्यावर बाबांकडे गेले. पिशवीत हातोडी घेऊन, उगाच मोठी लढवय्यी समजू नकोस. एकेक कप उचलला, नाव घेतलं, फोडला आणि जागच्या जागी ठेवला. रिबेकाकाकी, तुझी बशी. बाबा, तुमची किटली. जोसेफस, इतक्या दिवसांत छातीत पहिल्यांदा हवा गेली. पलीकडच्या हिरवळीवर चार जण गोल्फची काठी धरून बघत होते. त्यांनी फोन केला असणार. आयझेयालाच पाठवलं मला बाहेर काढायला. तो आला, टोपी काढून उभा राहिला आणि शेवटचा कप मी फोडेपर्यंत थांबला. मग शेरीफचा माणूस आला. कंपनीच्या मालमत्तेची नासधूस, म्हणाला. मी म्हटलं, आमच्या मढ्यांवर ठेवलेलं कंपनीचं कसं? त्याने ताकीद देऊन सोडलं. पास रद्द झाला. आता मी बाबांकडे जाऊ शकत नाही.

आईला सांगितलं, सगळं फोडलं. तिने डोळे मिटले आणि गाढ झोपली. त्यानंतर खाणं बंद आहे. कंपनीचं लेखी पत्रही आलं, नाहीच. आमचे पाळक म्हणतात, गावातल्या सरकारी कबरस्थानात छान जागा आहे. छान असेल. तिथे तिचा नवरा नाही.

निघ. सूट आण, पण जुने बूटही आण. भरतीच्या वेळा मी आयझेयाला विचारून ठेवल्या आहेत.

तुझी ताई

—

फिलाडेल्फिया
२० जून १९९५

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. मर्टलला टाके काढायला न्यायचं नसतं, तर तुला तिथे एकटी सोडून आलो नसतो. बसमध्ये सगळा वेळ बुटांतला चिखल काढत होतो. सगळा काढला नाही, थोडा राहू दिला.

डोळे मिटले की आईला नेलं ती सकाळच दिसते. कालवं काढायच्या त्या होड्या, मधल्या होडीत आईची पेटी, तू पुढे उभी राहून गाणं धरलेलं, भर सकाळचं ऊन. पूल व्हायच्या आधी सगळे असेच जायचे, असं आई सांगायची, ती आपली जुनी वाट आहे हे मी विसरूनच गेलो होतो. आणि काठावर, बाबांच्या शेजारी, आधीच खोदलेला खड्डा. आयझेयाने गणवेश घालूनच खोदला होता तो. मी त्याच्याकडून फावडं घेतलं तेव्हा त्याने मला दादा म्हटलं.

पण ते हिरवळीवरचे लोक! टोप्या काढून उभे राहिले तेव्हा वाटलं, चला, माणसं आहेत. आणि आपलं गाणं संपलं तशा टाळ्या वाजवल्या. ताई, त्यांना वाटलं कंपनीने ठेवलेला कार्यक्रम आहे! एकाने तर मला विचारलं, पुढचा कधी असतो. आईच्या कबरीवर मी माती लोटत होतो आणि हा माणूस पुढचा खेळ विचारत होता. मी माती लोटतच राहिलो.

आता मात्र धास्ती वाटते. कंपनी गप्प बसणार नाही. पेटी वर काढायला लावतील का? तुला धरतील का? वकिलाशी बोललो आहे, तो म्हणतो की कागदोपत्री बराच वेळ लागेल, तोवर कुणी हात लावला तर लगेच कळवा. मी इथे बसून नखं खातोय. एक ओळ तरी धाड.

तुझ्या हाताखाली वाढलेला,
जोसेफस

—

टोकाबो
२४ जून १९९५

चि. जोसेफस यास अ. उ. आ.

नखं खाणं सोड, साठ वर्षांचा घोडा झालास. आई जागेवर आहे. कसं ते सांगते.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मला पाण्याच्या वाटेने आयझेयाने आईकडे नेलं. त्याची नोकरी गेली, हे तुला कळवायचं राहिलं. म्हणतो, बरं झालं, ती टोपी चावायची. आम्ही दोघंच बसलो होतो. मग रिबेकाकाकीच्या सुना आल्या, मग पाळक आले, मग चर्चमधल्या बायका भात घेऊन आल्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. सगळे बसले.

दुपारी हॅल्वर्सन आला. बरोबर कंपनीचा वकील, शेरीफचा तो माणूस आणि दोन मजूर. मजूर कोण, तर आपल्याच बेटावरचे, मोझेस आणि त्याचा मेहुणा. हॅल्वर्सन फार हळू आवाजात बोलत होता. त्याला माझ्या दुःखाची कल्पना आहे, म्हणाला. स्वतःच्या आईची आठवण झाली, म्हणाला. पण हे इथे राहू शकत नाही, सन्मानाने दुसरीकडे हलवू, खर्च कंपनीचा. आणि मोझेसला खूण केली.

मोझेसने फावडं खाली टाकलं. त्याचा मेहुणाही मागे सरकला. नोकरीवर पाणी सोडतोयस हे कळतंय का, असं हॅल्वर्सनने विचारलं, अगदी गोड आवाजात. मोझेस म्हणाला, कळतंय.

मग मी उठले. तू म्हणतोस तसं डोकं शांत ठेवलं, आवाज चढवला नाही. ते फावडं उचललं आणि हॅल्वर्सनच्या हातात दिलं. त्याला सांगितलं, बाळा, या बेटावर आजवर जे जे खणलं गेलं, ते आम्हीच खणलं. भाताचे पाट आमच्या पणज्यांनी खणले. तुमच्या घरांचे पाये आमच्या भावांनी खणले. तुमच्या गोल्फची तळी याच मोझेसने खणली. सगळं तुमच्यासाठी खणलं आणि आम्ही बाहेर राहिलो. आता हे एवढं एक तुम्ही खणा. ही माझी आई आहे, अल्डोनिया तिचं नाव. तिला बाहेर काढायचं असेल तर आमच्यातला कुणी तुम्हाला हात लावणार नाही, की हातभारही लावणार नाही. तुमच्या हाताने काढा.

तो फावड्याकडे बघत होता. त्याने ते धरलेलंसुद्धा उलटं होतं. मग त्याने वकिलाकडे पाहिलं, वकिलाने शेरीफच्या माणसाकडे, आणि शेरीफचा माणूस पाण्याकडे बघायला लागला. हॅल्वर्सनचे कान लाल झाले. रडेल की काय, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मला त्याची दया आली नाही.

त्याने फावडं बाबांच्या आणि आईच्या मध्ये जमिनीवर हलकेच ठेवलं आणि गाडीत बसून निघून गेला.

आपुलकीत खंड पडू देऊ नकोस, आता आपण दोघंच.

तुझी,
एव्हलिनाताई