निळ्या झारीतलं पाणी

२ फेब्रुवारी

आणखी दोन टोमॅटो बुडाशी काळे पडले! चांगले लिंबाएवढे झाले होते. तोडून फेकले. वन्सं खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, "वहिनी, कॅल्शियम कमी पडतंय त्यांना." मी विचारलं होतं का?

तीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधल्या, तर आता झाडांचीही डॉक्टरीण झाली. नवरा माझा गेला तो गेला, जाताना आपली बहीण माझ्या गळ्यात मारून गेला. अकरा वर्षं! एकच गॅलरी. मधे खडूची रेघ — मी ओढलेली. अलीकडे माझे चार पत्र्याचे डबे, पलीकडे तिचे चार. ऊन मेलं आधी तिच्याकडे जातं.

४ फेब्रुवारी

अंड्यांची टरफलं वाळवून मिक्सरमधून काढली, डब्यांत घातली. सूनबाई ओरडली, "आई, त्यात मी मसाला वाटते!" धुतला की. वन्सं म्हणते, "ती टरफलं मातीत विरघळेपर्यंत आपण दोघी वर जाऊ." तू हो ना पुढे. जागा धर.

७ फेब्रुवारी

गॅलरीला खालून भेग गेलीय. इंजिनिअर आला, ठोकून बघितलं, म्हणाला वजन निम्मं करा. मुलगा आमच्या तोंडाकडे बघेना, फरशीकडे बघून बोलला. "आई, आत्या, चारच डबे राहतील. कुणाचे ते तुम्ही ठरवा."

आम्ही काय ठरवणार! ती म्हणाली, "माझी झाडं जोमात आहेत." मी म्हटलं, घर माझ्या नवऱ्याचं आहे. ती म्हणाली, "तो आधी माझा भाऊ होता." शेवटी मुलानेच तोडगा काढला — अठ्ठावीस तारखेला ज्या चार डब्यांत फळं जास्त, ते राहतील. बाकीचे भंगारात.

माझे डबे भंगारात? या घरात माझं म्हणावं असं आहे काय — एक ट्रंक, एक कॉट आणि हे चार डबे. त्यात कॉट सूनबाईच्या माहेरची.

१० फेब्रुवारी

रोपवाल्याकडे जाऊन आले. पान दाखवलं — शिरा हिरव्या, मधे सगळं पिवळं. म्हणाला, "आजी, मॅग्नेशियम हवंय." एक पांढरं मीठ दिलं. फुलं गळतात म्हटलं, तर आणखी एक छोटी पुडी. बोरॉन. "पण हे चिमूटभर हं, अख्ख्या बादलीला. जास्त झालं तर पानांच्या कडा जळतात, झाड हातचं जातं." शिवाय जस्त, लोह, तांबं, मँगनीज. एवढं तर मला बाळंतपणातही कुणी दिलं नाही.

घरी आले तर वन्संने आपला पितळी तराजू काढलेला. औषधं तोलायचा, दवाखान्यातून आणलेला. चिमट्याने वजनं ठेवते, श्वास धरून पूड टाकते. "तीस वर्षांत माझी एक पुडी चुकली नाही, वहिनी." ऐकून ऐकून कान किटले! मी मीठ मुठीने घातलं. माझ्या मुठीला काय झालंय?

१५ फेब्रुवारी

पानं हिरवी व्हायला लागली! आणि आठ दिवसांत एकही फळ काळं नाही. पूर्वी दुपारी झोपून उठले की माती भाकरीसारखी तडकलेली असायची. आता संध्याकाळीही ओल असते. टरफलांचा गुण. विरघळत नाहीत म्हणे!

माझी नऊ फळं. तिची चौदा. तिच्या एकाने रंग धरलाय. रोज पुसते त्याला फडक्याने. नाक पुसावं तसं.

१८ फेब्रुवारी

आज नातीच्या मैत्रिणी आल्या होत्या. मी पुडी डोळ्यांशी धरून अक्षरं लावत होते. बारीक छापतात मेले. वन्सं सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, वाचता येत नसेल तर मला विचारत जा. लाज कसली त्यात!"

पोरी हसल्या. नातही हसली. माझी नात.

मी तिसरीपर्यंत शिकले. पुढे शिकायचं होतं, पाठच्या भावंडांना कोण सांभाळणार म्हणून बसवलं घरी. हे तिला माहीत आहे. मीच सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, मैत्रीण समजून.

१९ फेब्रुवारी

आज तिचा खताचा दिवस. सकाळीच पूड तोलली, निळ्या झारीत पाण्यात ढवळून ठेवली. दुपारी घालते. मग अंघोळीला गेली.

बोरॉनची पुडी होतीच माझ्याकडे. तीन चमचे. तिच्या झारीत. काठीने ढवळलं. पाणी जसंच्या तसं, ना रंग ना वास.

जेवले. छान झोप लागली.

२१ फेब्रुवारी

अजून काही नाही. ती फळ पुसतेय.

२४ फेब्रुवारी

माझी जळली! माझी! चारही डबे! खालच्या पानांच्या कडा तपकिरी, कागद विस्तवाला लागल्यासारख्या. फळं देठातून सुटून पडलीत. तिच्या झाडांनाही लागलंय, पण निम्मंच. शेंडे ताजे आहेत.

डोकंच फिरलं. हिला कळलं, हिने उलटवलं! सगळ्यांसमोर विचारलं, "काय घातलंत माझ्या झाडांना?"

भांडेल वाटलं होतं. भांडली नाही. पान हातात घेऊन उलटं-सुलटं करत राहिली. मग आत जाऊन तराजू आणला. वजनं एकेक करून पुसली, परत परत लावून बघितली.

संध्याकाळी सूनबाईने स्वयंपाकघराचं दार लोटलं. "आई, त्यांना फार बोलू नका. तुम्ही झोपता ना दुपारी, तेव्हा आत्या रोज तुमच्या डब्यांना पाणी घालतात. पंधरा दिवस झाले. त्याच झारीतून, आणि आधी तुमच्याच झाडांना — ती जास्त तहानलेली असतात म्हणे. उरलं की स्वतःच्या. त्या दिवशी खताचं पाणीही तुमच्या झाडांना आधी घातलं."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"त्यांनी सांगू दिलं नाही. म्हणाल्या, हरवायचं तर उभ्या झाडाला हरवावं. वाळलेल्याशी काय कुस्ती!"

म्हणजे ओल टरफलांची नव्हती. काळं पडणं थांबलं तेही तिच्या पाण्याने.

तरी मैत्रिणींसमोर बोललीच ना ती? बोललीच.

२५ फेब्रुवारी

बोरॉनची पुडी खाली कचऱ्याच्या पिंपात टाकली. वर भाजीची सालं टाकली.

२८ फेब्रुवारी

मुलाने मोजायलाही घेतलं नाही. माझ्या चार डब्यांत नुसत्या काड्या. तिच्या चारांत मिळून पाच फळं, त्यातलं ते एक लाल. म्हणाला, "आत्याचे राहतील मग."

वन्सं म्हणाली, "नाही. माझ्या हातून वहिनींची झाडं गेली. माझे चार त्यांना दे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सांगायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

म्हटलं, "बरं."

भंगारवाला माझे डबे घेऊन गेला. तिचे माझे झाले. रेघ तिनेच ओल्या फडक्याने पुसली.

१ मार्च

वन्संने तराजू डब्यात घालून वर माळ्यावर टाकायला लावला. मग आपल्या रक्तदाबाच्या, साखरेच्या, सगळ्या गोळ्या माझ्यापुढे आणून ठेवल्या. "हात चुकायला लागला माझा, वहिनी. उद्या जास्त घेऊन बसेन. आजपासून तुम्ही देत जा."

मी म्हटलं, मला वाचता येत नाही नीट.

"चालेल. तुमच्यावर सोपवलं."

अक्षरं लावून वाचली. दोनदा मोजून दिल्या. तिने बघितल्याही नाहीत. गिळून टाकल्या.