रोनाक, तू झुकली होतीस

रोनाक,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही. काल लिमरिकला तुझ्या शोकसभेला गेले होते. "ती कधी कुणापुढे झुकली नाही," असं तुझ्या पक्षाचा एकजण म्हणाला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मलाही बोलायला बोलावलं होतं. मी जागची उठले नाही. तिथे गिळलेलं इथे लिहितेय, कारण तू झुकलीस तेव्हा मी समोर होते.

नागपूरहून मी या परक्या देशात तुझ्या लॅबमध्ये आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तू मला तुझ्या धाकट्या भावाबद्दल सांगितलंस. थॅलेसेमिया होता त्याला. तुमच्या कुर्दी गावातून रक्त चढवायला त्याला डोंगरापलीकडे न्यावं लागायचं. एका हिवाळ्यात रस्ता बंद झाला आणि तो गेला. "म्हणून मी रक्तच शिकले," म्हणालीस. किती विश्वास बसला होता माझा तुझ्यावर!

नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून हा आजार ओळखायची चाचणी आपण दोघींनी बसवली. ती देशातल्या प्रत्येक बाळाची व्हावी, असा आपला आग्रह होता. सरकार ऐकत नाही म्हणून तू राजकारणात उतरलीस. पत्रकं वाटत मी तुझ्यासोबत दारोदार भिजले, ते काय उगाच?

मग निवडणूक तोंडावर आली आणि तू चाचणीचा मुद्दा जाहीरनाम्यातून काढलास.

"लोक म्हणतात, हा बाहेरून आलेल्यांचा आजार," तू मला म्हणालीस. "माझ्यावर तोच शिक्का बसेल. आधी मला आत जाऊ दे, मेधा. मग बघ."

तू आत गेलीस, संसदेत बसलीस. बाहेरून आलेल्यांच्या आरोग्यावरसुद्धा तुझी भाषणं गाजली. चाचणीवर मात्र चकार शब्द नाही.

मृणाल आठवते? नास गावातली माझी मैत्रीण. तिची मुलगी इरा सारखी पांढरीफटक पडायची. डॉक्टर म्हणायचे, "शी इज ग्रँड," म्हणजे पोर अगदी ठीक आहे, आणि लोहाचं औषध द्यायचे. या आजारात लोह अंगात साठतं, तेच त्या पोरीला पाजलं गेलं. आजार कळेपर्यंत ती चालायला लागली होती, आणि दोन पावलांत धापा टाकत होती.

मृणाल तिला घेऊन तुला भेटायला आली. तू इराला मांडीवर घेऊन फोटो काढलास. तो फेसबुकवर टाकलास, खाली 'प्रत्येक बाळ आपलं'. मृणालने विचारलं, "चाचणी कधी सुरू होणार?" तू म्हणालीस, "लवकरच." लाज नाही वाटली?

त्या संध्याकाळी मी तुझ्या घरी आले. "भावाला विसरलीस," म्हटलं.

"त्याला मध्ये आणू नकोस. त्याच्यासाठीच मी त्या खुर्चीत आहे."

"खुर्चीत बसून त्याच्यासाठी काय केलंस?"

तू उठून किटली लावलीस. पाणी उकळून गेलं तरी पाठमोरीच उभी राहिलीस. मी कोट घेतला आणि निघाले. नंतर तुझे फोन आले, मी उचलले नाहीत. तू आजारी आहेस हे मला बातम्यांतून कळलं.

आता वाईट वाटतं का? वाटतं. पण तुझ्या मरणाने माझा राग विझलेला नाही. कर्करोगाने तुला गाठलं, पण त्याआधी तुझ्या हातात कितीतरी वर्षं होती. दुसऱ्या कुणाला एवढं बोलले नसते. हा आजार काय करतो ते त्यांना ठाऊक नव्हतं, तुला होतं.

पुढच्या महिन्यात संसदेच्या आरोग्य समितीने मला साक्षीला बोलावलंय. मृणाल आणि इराही येणार आहेत. तुला वचन देते, चाचणी मंजूर होईपर्यंत मी त्या समितीवाल्यांना सोडणार नाही. एवढी वर्षं ही का अडली, असं ते विचारतीलच. तेव्हा मी सगळ्यांदेखत तुझं नाव घेईन.

तुझ्याबरोबर काम केलेली,
मेधा