समुद्राला दिलेला डूल

आक्ताउ, ११ जुलै

लाडक्या रौशन,

आईचे अनेक आशीर्वाद. मी आणि बातिमा सुखरूप आहोत. माझ्या लेकाला, मेइरमला सांग, त्याच्या बातिमामावशीने गाडीत चहा मागून मागून अख्ख्या डब्याला जेरीस आणलं. फोनवर मला रडू फुटतं, म्हणून लिहिते. ओळी वाकड्या गेल्या असतील, कागद मांडीवर आहे.

सुनेने सासूला समुद्रावर पाठवल्याचं आपल्या गावात कधी कुणी ऐकलं होतं का? इथलं ऊन चावत नाही गं, शेकतं. वाळवण घालावं तशी माणसं वाळूत पसरलेली, बायकासुद्धा! पहिल्या दिवशी मी तोंड फिरवलं. आता मीही गुडघे उघडे टाकून आडवी होते. दुपारी कलिंगड, संध्याकाळी धुरी दिलेला मासा. गुडघे दुखायचं विसरलेत. पोरी, तुझे उपकार कसे फेडू?

पहिल्यांदा तोंड पाहिलं की काहीतरी द्यायचं, हा आपला रिवाज. लग्नात तुझ्या तोंडावरचा पदर वर झाला तेव्हा मी मेंढी दिली होती. समुद्राला मेंढी कुठून आणू? कानातले चांदीचे डूल काढले.

तेवढ्यात बातिमा ओरडली, "आपा, जहाज बघ केवढं!"

"बघते की."

"कुठे बघतेस? डावीकडे आहे ते!"

मग समोर येऊन तिने माझा उजवा डोळा हाताने झाकला. "आता सांग, माझ्या दुसऱ्या हातात काय आहे?"

"तुझं डोकं!" मी म्हटलं. ती हसली नाही.

रौशन, हिवाळ्यापासून डाव्या डोळ्यापुढे दूध सांडल्यासारखं दिसतं. सुई ओवायला तुलाच का हाक मारायचे, ते आता कळलं असेल. तू डॉक्टरांचं नाव काढलंस की मी शेळ्यांचं काढायचे. कापाकापीची भीती वाटायची, दुसरं काही नाही. म्हातारीचं आता काय बघायचं राहिलंय, अशी मनाची समजूत घालत होते. इथे येऊन कळलं, बरंच राहिलंय.

समुद्राला मी एकच डूल दिला. बातिमा म्हणाली, "आपा, चिक्कू कुठली! समुद्रालाही अर्धंच?"

"अर्धाच तर पाहिला," मी म्हटलं.

दुसरा रुमालाच्या गाठीत आहे. ऑपरेशनची तारीख ठरवून टाक, मी पळणार नाही. मग तू माझ्याबरोबर इथे ये, तुझ्या हातानेच तो पाण्यात टाकू.

तुझी, अर्धा समुद्र पाहिलेली आई,
उम्सिन