अर्धा गज

४ जानेवारी
आज तालमीत हंबीररावांनी मधेच हात थांबवला. आमच्या वाद्यवृंदाचे कंडक्टर ते, बोलणं टोचणारं. "व्हायोलिनवाली जेवून आल्यात का न्हाय?" बारा व्हायोलिन असून आवाज पातळ येतोय म्हणे. पहिल्या खुर्चीवर मी — लीडर. म्हणजे बोलणी मलाच. मग मी मागं वळून रांगेवर डाफरलो. शेजारच्या अक्षताला तर नको इतकं. हात झिजतोय का तुझा, म्हणालो. ती मान खाली घालून व्हायोलिनच्या गजाला रोझिनची राळ घासत बसली.

७ जानेवारी
उजवा खांदा धरलाय तो धरलाय. कंगवा डोक्यापर्यंत जात नाही. बायको, क्रांती, भांग पाडून देते आणि रोज तेच — "सांगून टाका की हंबीररावांस्नी एकदा." सांगून टाका! सांगितलं की खुर्ची गेली. दिवसभर बँकेत पासबुकं छापतो, तिथं माझ्या तोंडाकडं कोण बघत नाही. खुर्ची सोडली तर माझ्याकडं हाय काय?

१२ जानेवारी
आमच्या रांगेतल्या सूरजनं तालमीचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. बघितला. माझा गज अर्ध्यावर जातो आणि परततो, पुढं खांद्यात कळ येते. ते ठाऊकच होतं. पण बाकीचे अकराही गज तिथंच परततात! नियम माझाच — लीडरचा गज जाईल तेवढाच सगळ्यांचा. म्हणजे आवाज मीच मारला, आणि वर पोरांना झाडलं. जेवण गेलं नाही.

१३ जानेवारी
तालमीला गेलो नाही. ताप आलाय म्हणून कळवलं. ताप नव्हता.

१६ जानेवारी
हंबीररावांना खांद्याचं सांगितलं. ते म्हणाले, "कार्यक्रम पंचवीसला हाय, आकाराम." एवढंच. खुर्ची अक्षताला.

१७ जानेवारी
शेवटच्या खुर्चीवर बसलो. अक्षतानं पहिलाच सूर टोकापर्यंत ओढला, रांगेनं तिच्यामागं ओढला. हॉल भरून गेला. इतकी वर्षं मला हाच आवाज पाहिजे होता. माझा गज तेवढा अर्ध्यावर. फार वाईट वाटलं.

१८ जानेवारी
अक्षता घरी आलेली. बसली नाही, उंबऱ्यातूनच बोलली. "दादा, तुमचा खांदा दिवाळीपासनं दिसतोय सगळ्यास्नी. आम्ही पूर्ण ओढला असता तर तुमचाच अर्धा गज उघडा पडला असता की. म्हणून ठरवलंतं आम्ही, बोलणी खायची."