हिरव्या काठाची फीत

प्रिय अनंतमामा,

काल दुपारी मानसी आली होती. आत ये म्हटलं तर आली नाही, दारातच उभी राहिली. हातातली कापडी पिशवी मामीकडे दिली आणि म्हणाली, "आजीने परत पाठवलाय. घरात ठेवायला तिला कसंसंच होतं." माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

पिशवीत तो पांढरा गणवेश होता. सिंधूआजींच्या नवऱ्याचा, तू तीन महिने खपून केलेला. छातीवरची फितींची पट्टी तशीच आहे. चुकीची फीत अजून जागेवरच आहे, मामा.

मी उसवायला बसलो. सुई टाक्याखाली घातली आणि हात पुढे जाईना. आधी तुला सांगायला हवं, मग उसवायला हवं. म्हणून लिहितोय. तू जिवंत असताना हे सांगायला माझ्याकडे तीन महिने होते.

लोकांना तुझं हसू यायचं, माहितीये ना? मालवणचा माणूस, सिल्वासात सरकारी कचेरीत फायली सांभाळतो आणि घरी येऊन नौदलाचे गणवेश शिवतो. "समुद्र तिकडे दमणला राहिला, अनंतराव," असं तुझे ऑफिसवाले म्हणायचे. तू कॉलरवरच्या तीन पांढऱ्या रेघा पट्टीने मोजत बसायचास. बटणावरचा नांगर सरळ उभा हवा, जरा कलला की बटण उसवून पुन्हा. शेजारचे एकदा पोराच्या फॅन्सी ड्रेससाठी मागायला आले, तर तू त्यांना चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलंस. म्हणालास, "माझ्याकडे ड्रेस नाहीत हो. माणसं आहेत."

खरंच होतं ते. कपाटातला प्रत्येक गणवेश कुणाचा तरी होता. कुणाचा उंदरांनी खाल्लेला, कुणाचा भावाभावांच्या भांडणात हरवलेला. घरचे कागद घेऊन यायचे, तू कागद वाचायचास आणि कागदात जेवढं असेल तेवढंच शिवायचास. एक फीत जास्त नाही.

आणि तू स्वतः एकदाही त्यातलं काही अंगाला लावलं नाहीस. आरशासमोर टोपीसुद्धा नाही.

मी सहावीत होतो, दिवाळीला आलो होतो. तू दोन रिळं माझ्यासमोर धरलीस. "यातलं लाल कुठलं रे?" मला वाटलं परीक्षा घेतोयस. मी हसलो. स्वयंपाकघरातून मामी बाहेर आली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू तिथेच थांबलं. मग तू सांगितलंस. अठराव्या वर्षी मुंबईला भरतीला गेलेलास, पळण्यात पहिला आलेलास. डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. बाकीच्या पोरांना त्यात आकडे दिसत होते, तुला नुसते ठिपके. लाल आणि हिरवा, दोन्ही तुला एकाच मातकट रंगाचे. त्याच दिवशी परत पाठवलं. गावात तू सांगितलंस, आईला कोण बघणार, म्हणून मीच नको म्हटलं.

मामीला आणि मला सोडून हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी तुझा चष्मा. "ए चष्म्या, इकडे ये." फिती मी ओळखायच्या, टोमॅटो मी निवडायचे. स्कूटरवर मागे बसलो की नाक्यावरच्या सिग्नलला तू मान न वळवता विचारायचास, "काय चष्म्या, जाऊ?" लाल वर असतो, हिरवा खाली, हे तुला माहीत होतं. तरी विचारायचास. मी "जा" म्हटल्याशिवाय स्कूटर हलायची नाही.

मग मी डिप्लोमासाठी तुझ्याकडेच राहायला आलो. तिसऱ्या सेमिस्टरला हजेरीवरून सरांची कॉलर धरली आणि कॉलेज सुटलं. सुटलं काय, मीच सोडलं, माफी मागायची नव्हती म्हणून. घरी आईने रडून गोंधळ घातला. तू मला इस्त्रीला बसवलंस. "फार तापली ना, की पहिली पांढऱ्यावरच डाग पाडते ती. समजलं, मेल्या?" मला समजलं होतं. उपयोग झाला नाही.

सिंधूआजी आल्या त्या पुरानंतर. दमणगंगेचं पाणी त्यांच्या खोलीत शिरलं, नवऱ्याची ट्रंक चिखलात गेली. माळ्यावरचे सेवेचे कागद तेवढे वाचले आणि एक काळापांढरा फोटो. तो फोटो धरून सोबत आलेली नात म्हणजे मानसी. आजी धुळ्याकडच्या. तुला म्हणाल्या, "भाऊ, मले बाकी काही नको. ते दिसत तसे मले एक डाव पाहू द्या." तू फोटो खिडकीपाशी नेलास आणि मला हळूच म्हणालास, "या फोटोत तू नि मी सारखेच रे चष्म्या."

मी मात्र फोटो धरणारीकडे बघत होतो.

मापं दाखवायला, बटणं दाखवायला, काही ना काही निमित्त काढून मी त्यांच्याकडे जायला लागलो. मानसी फार्मसी करते. तिने विचारलं तू काय करतोस, मी म्हणालो डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. एवढंच खोटं होतं, मामा. ती हसून बोलायची. दुधनीला धरणाच्या पाण्यावर जायचं ठरलं होतं आमचं. मला वाटायचं, आधी तिचा जीव जडू दे, मग सांगू.

आणि तू त्या दिवशी आजींच्या घरी बसून सांगून टाकलंस. त्यांनी साधं विचारलं होतं, "भाचा काय शिकतो तुमचा?" तू म्हणालास, "कॉलेज सोडलंय त्याने. सध्या माझ्याजवळ असतो." मानसी कप उचलत होती. तिने कप परत ठेवला. संध्याकाळी मेसेज आला, 'इतकं साधं खरं सांगता नाही आलं?' त्यानंतर काहीच नाही.

मी तुझ्यावर किती ओरडलो.

"तुला काय गरज होती?"

"विचारलं त्यांनी. सांगितलं."

"गप्प नाही बसता येत?"

"जे मिळवलं नाही ते छातीवर लावून कुणाच्या दारात जायचं नसतं रे."

"आणि तू? आईसाठी परत आलो म्हणून गावभर लावून फिरलास ते?"

तू सुईत दोरा ओवत होतास. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा ओवलास आणि शिवायला लागलास. खरं सांगू? ते वाक्य मला आजही चुकीचं वाटत नाही. फक्त ते मी बोलायला नको होतं.

चार दिवसांनी पोस्टाने फिती आल्या. दोन गुंडाळ्या, वरच्या चिठ्ठ्या निघून पाकिटाच्या तळाला पडलेल्या. मधला रंग एकच, फक्त काठ वेगळे. हिरव्या काठाची लांब सेवेची, आजोबांना मिळालेली. लाल काठाची शौर्याची, दुसऱ्या कुणाच्या तरी गणवेशासाठी मागवलेली. आपण धड बोलतही नव्हतो. तू दोन्ही माझ्यासमोर ठेवल्यास. "चष्म्या, हिरव्या काठाची दे."

मी लाल काठाची दिली.

चुकून नाही, मामा. बघून दिली. तुझी अचूकता एकदा तरी खोटी पडावी एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू ती शिवलेली होतीस, इतके बारीक टाके की दिसत नव्हते. मग परवा सांगू म्हटलं.

सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात इथल्या शाळेच्या हॉलमध्ये तो गणवेश पुतळ्यावर चढवला. आजी नऊवारी नेसून शेजारी खुर्चीत बसल्या होत्या, मानसी त्यांच्या मागे. वापीहून एक निवृत्त नौसैनिक पाहुणे आले होते. ते गणवेशासमोर थांबले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "माताजी, ये तो बहादुरी का फीता है. ये आपके पति को कब मिला?"

आजींना कळलंच नाही. "मले काय मालूम भाऊ. त्यांचं त्यांनाच मालूम."

"कागज में है?"

कागद निघाले. कागदात नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "आजकल सब लगा लेते हैं." आजींची मान खाली गेली. ऐंशीच्या घरातली बाई, मामा, नवऱ्याच्या नावावर चोरी केल्यासारखी बसली होती.

आणि तू पुढे झालास. "गलती मेरी है, साहेब. इनकी नहीं. मेरेको लाल-हरा दिखता नहीं. नेव्हीने भी इसीलिए नहीं लिया था."

तुझ्या कचेरीतले चार जण होते तिथे. हेडमास्तर होते. चाळीस वर्षं झाकलेलं तू एका वाक्यात उघडं केलंस. मी तुझ्यापासून दोन हातांवर उभा होतो. मानसी बघत होती. मी तोंड उघडलं असतं तर ती कायमची गेली असती, म्हणून नाही उघडलं. ती तशीही गेली. तू माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाहीस. नाव घ्यायचं तर लांबच.

आजींनी गणवेश तसाच गुंडाळून घरी नेला. परत येताना मी स्कूटरवर मागे बसलो होतो. नाक्यावर सिग्नल लागला. मी वाट बघत राहिलो. तू विचारलं नाहीस. पुढची रिक्षा हलली, मग तू स्कूटर काढलीस.

तेव्हाच मला कळलं की तुला कळलंय.

तू ओरडला का नाहीस? एक थोबाडीत का दिली नाहीस? सरांसमोर, आईसमोर मी पेटलो तसं तूही पेटायला हवं होतंस. तू फक्त विचारणं बंद केलंस. कपाटाला कुलूप लावलंस. बाजारात टोमॅटो अंगठ्याने दाबून बघायला लागलास. मी शेजारी पिशवी धरून उभा असायचो. 'चष्म्या' गेलं, मी पुन्हा नितीन झालो.

एप्रिलमध्ये तू कचेरीतल्या खुर्चीतच गेलास. तेव्हा मी दुधनीला होतो, एकटाच, पाण्याकडे बघत, फोन बंद करून. घरी पोचलो तेव्हा तुला जमिनीवर ठेवलं होतं. मामीने कपाट उघडून एक पांढरी टोपी आणली होती. मला म्हणाली, "ठेवू रे उशाशी? आयुष्यभर जीव होता त्यांचा."

मी म्हणालो, "नको मामी. त्याने मिळवली नव्हती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशी म्हणाली, "काय हे बोलणं." पण मामीने टोपी परत नेऊन ठेवली. तुझ्याशी मी तेवढं एकच खरं वागलो, आणि तेही तू गेल्यावर.

आता ऐक. हिरव्या काठाची गुंडाळी सापडली आहे. आज मी ती फीत शिवणार, जमेल तितक्या बारीक टाक्यांनी. रविवारी गणवेश घेऊन सिंधूआजींकडे जाणार आणि मानसीसमोरच सांगणार की मामाने चूक केली नव्हती, मी बघून चुकीची दिली. मग वापीला, त्या पाहुण्यांकडे. आणि येत्या सव्वीस जानेवारीला त्याच हॉलमध्ये, तुझे कचेरीवाले बसलेले असताना. मानसी पुन्हा तोंड बघणार नाही, ते मला ठाऊक आहे. ती बघेल या आशेवर मी हे करत असेन, तर तेही खोटीच फीत लावल्यासारखं होईल.

तुझा,
नितीन

(आधी 'चष्म्या' लिहिलं होतं. खोडलं. ते अजून मिळवलेलं नाही.)