इथे कोणी एकटा जात नाही

सोमवार, ३ मार्च

आज आणखी दोघं गेले. कामाला चांगले होते, म्हणून तर गेले. सकाळी राजीनामा, दुपारी समोरच्या कंपनीचा शर्ट अंगात. निदान आठवडाभर तरी थांबायचं!

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, 'बारा वर्षं तू आपल्या लिफ्टच्या जाहिराती करतेस. आता नोकरी विक. चांगला मेकॅनिक म्हणजे गिऱ्हाईकच समज. त्याला आपण आवडलो पाहिजे, आणि आल्यावर आवडत राहिलो पाहिजे.' बोलणं पटलं. मग नेहमीचं — 'आणि लोगो मोठा कर.' माझ्या कामात साहेब लोगो सोडून काही बघत नाहीत. गेल्या वर्षी लोगोखाली पत्ताच चुकला होता, तरी सही ठोकली.

गुरुवार, ६ मार्च

मास्तरांचं शूटिंग झालं. आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक, सव्वीस वर्षं इथेच. साहेब स्वतः मेकॅनिक होते तेव्हा हेच त्यांचे जोडीदार. कॅमेरा लागल्यावर तीनदा हात पुसले. मी विचारलं, 'मास्तर, एवढी वर्षं का थांबलात?' त्यांनी चौथ्यांदा हात पुसले.

मग म्हणाले, 'आम्ही दोघं जातो, बाई. एक खाली लिफ्टच्या खड्ड्यात. दुसरा वर मशीनपाशी, स्विच बंद करून तिथेच उभा. वरचा मधूनमधून हाक मारतो, खालचा ओ देतो. खालून ओ आल्याशिवाय स्विच चालू होत नाही. इथे कोणी एकटा जात नाही. म्हणून मी टिकलो. ज्या दिवशी एकट्याला पाठवतील, त्या दिवशी मी किल्ली ठेवून जाईन.'

किल्ली म्हणजे लिफ्टचं दार बाहेरून उघडायची. प्रत्येक मेकॅनिकच्या कमरेला असते. बोलताना त्यांचा हात तिच्यावर होता.

शुक्रवार, ७ मार्च

शेवटचं वाक्य कापलं. जाहिरातीत कोणी धमकी ठेवतं का? 'म्हणून मी टिकलो' वर संपवली. रिसेप्शनवालीचे डोळे भरले. माझेही, खोटं कशाला बोलू.

मंगळवार, १८ मार्च

फिल्म चालली! नुसती चालली नाही, धावली. साहेबांनी हट्टाने स्वतःचा मोबाईल नंबर टाकायला लावला होता — 'चांगल्या माणसाशी मालकानेच बोलावं.' आता जेवायलाही उसंत नाही त्यांना. चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा.

आणि फोन करणाऱ्यांत कोण? आमचा धाकटा! मला न सांगता. कारखान्यात आठ वर्षं विजेचं काम करतोय, बरं चाललंय, लेक आता शाळेत जाईल. संध्याकाळी झापला त्याला. तर म्हणतो, 'ताई, पगार जवळपास तेवढाच आहे. पण तो म्हातारा खोटं बोलत नाही, हे तोंडावरून कळतं. आमच्याकडे मेलो तरी शेजारच्याला पत्ता लागायचा नाही.'

मनातून फुगले होते मी. माझ्या जाहिरातीवर माझाच भाऊ भाळला.

मंगळवार, १ एप्रिल

धाकटा रुजू झाला. मास्तरांबरोबरच जोडी लागली. रात्री जेवताना आईला हाक कशी मारायची आणि ओ कशी द्यायची ते करून दाखवत होता. आई म्हणाली, 'जन्मात माझ्या एका हाकेला ओ दिली नाहीस. त्या मास्तरांना एकदा घरी घेऊन ये.'

मंगळवार, १५ एप्रिल

बोर्डावर नोटीस. तीन मोठ्या इमारतींचं नवं काम घेतलंय, माणसं अजून पुरत नाहीत. म्हणून 'नेहमीच्या तपासणीसाठी यापुढे एकच मेकॅनिक जाईल.'

बोर्डावर जागा नव्हती, तर फिल्मवरून केलेल्या माझ्या पोस्टरच्या कोपऱ्यावरच टाचली. वर मास्तरांचा चेहरा आणि 'इथे कोणी एकटा जात नाही'. खाली ही. कोणी हसलंसुद्धा नाही.

बुधवार, १६ एप्रिल

मास्तरांनी किल्ली ठेवली.

मी केबिनमध्येच होते. साहेब म्हणाले, 'मास्तर, या वयात तमाशा नको. जरा सांभाळून घ्या.' मास्तर इतकंच म्हणाले, 'तू खाली असायचास, तेव्हा मी वरून कधी हललो होतो का?' साहेबांना 'तू' म्हणताना त्यांना पहिल्यांदा ऐकलं. किल्ली टेबलावर ठेवून निघून गेले. साहेबांनी तिला हात लावला नाही. दिवसभर ती तिथेच.

फाटकाशी मास्तर मला म्हणाले, 'बाई, माझं शेवटचं वाक्य कुठे गेलं?' रागावले असते तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. अजून वाटतेय.

गुरुवार, १७ एप्रिल

साहेबांशी बोलले. 'फिल्ममध्ये आपण शब्द दिलाय.' — 'अगं, जाहिरात म्हणजे काय करारपत्र आहे? माणसं वाढली की परत दोघं पाठवू.' कधी? 'बघू.'

धाकट्याला म्हटलं, सोड ही नोकरी. 'जुनी जागा भरली, ताई. आणि माझ्यासारखे अकरा जण आलेत ती फिल्म बघून. त्यांनी काय करायचं?' अकरा! मी काय मोजत बसले होते इतके दिवस? फोन किती आले ते. एकूण बारा जणांच्या तोंडाला मी पानं पुसली, त्यातला एक माझा सख्खा भाऊ.

मंगळवार, २२ एप्रिल



धाकटा आज एकटा खड्ड्यात होता. वर स्विच बंद करून 'खाली माणूस आहे' अशी पाटी लावून गेला होता. लिफ्ट बंद म्हणून कोणीतरी वैतागून वर गेलं, पाटी बाजूला सारली आणि स्विच चालू केला. खालून ओ आल्याशिवाय चालू करायचा नसतो हे त्याला कोण सांगणार? लिफ्ट खाली यायला लागली. धाकटा खड्ड्यात उताणा पडला. तळमजल्याला येऊन त्याच्या डोक्यापासून हातभर वर थांबली.

घरी आला तर पाठ काळी, ग्रीसने भरलेली. आईला सांगितलं, घसरून पडलो. मला गॅलरीत नेऊन खरं सांगितलं. सांगताना हसत होता. मला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली, मग त्याला धरून रडले.

बुधवार, २३ एप्रिल

साहेबांना सांगितलं. चेहरा उतरला त्यांचा, ते खरं. पण थोड्या वेळाने — 'पाटी मोठी करू या.' यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर मोठं करणं हेच औषध.

मग मलाच नवं काम. फिल्ममधली ओळ आणि भरतीचा नंबर, असा स्टिकर आपण सांभाळतो त्या प्रत्येक लिफ्टमध्ये लावायचा. 'लोक रोज वाचतील. कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी मुलगा मेकॅनिक असेलच.' कोणाचा तरी भाऊ! मी मान डोलावली आणि जागेवर येऊन बसले.

गुरुवार, २४ एप्रिल

स्टिकर तयार केला. नंतर एक ओळ वाढवली. पुसली. परत लिहिली.

शुक्रवार, २५ एप्रिल

स्टिकरचा नमुना साहेबांपुढे ठेवला. अर्धी जागा लोगोने खाल्लेली. त्याखाली 'इथे कोणी एकटा जात नाही'. त्याखाली साहेबांचा नंबर. आणि अगदी तळाशी, स्वच्छ अक्षरात — 'एकच मेकॅनिक कामाला आलेला दिसला तर त्याला थांबवा आणि वरच्या नंबरवर लगेच कळवा.'

साहेबांनी हात लांब करून बघितला. 'शाब्बास. याला म्हणतात लोगो!' सही केली. टेबलावर मास्तरांची किल्ली तशीच पडलेली.  थांबा, नीट वाचा, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. म्हटलं नाही.

नोकरी जाणार माझी. जाऊ दे.

सोमवार, २८ एप्रिल

छपाईला आठवडा लागणार. धाकटा आज तीन ठिकाणी एकटा. खड्ड्यातून वर आलास की मेसेज टाक, असं बजावलंय. दुपारचा मेसेज चाळीस मिनिटं उशिरा आला. त्या चाळीस मिनिटांत मी एक ओळ धड लिहू शकले नाही. शेवटी आला — 'जेवत होतो.'

सोमवार, ५ मे

स्टिकर लावायला सुरुवात. साहेब म्हणाले, 'पहिला माझ्या आईच्या बिल्डिंगमध्ये लावा. ती येताजाता सगळं वाचते.'

मंगळवार, ६ मे

फोन नाही. कोणी वाचतच नाही बहुतेक. एवढं धाडस केलं ते वायाच.

बुधवार, ७ मे

अकराला साहेबांचा फोन वाजला. त्यांच्या आई. केबिनबाहेरही ऐकू येत होतं — 'एकटाच आलाय रे. मी त्याला खुर्ची दिलीय, दुसरा येईपर्यंत उठू देणार नाही. लिफ्टमध्ये तसं लिहिलंय, आणि नंबर तुझाच आहे.' मी आजची यादी बघितली. तिथे धाकटा होता.

साहेबांनी फोन ठेवला. मग टेबलावरची मास्तरांची किल्ली उचलली, कमरेला लावली आणि दुसरा माणूस म्हणून स्वतः निघाले. माझ्यापाशी थांबले.

'लोगो मुद्दाम एवढा मोठा केलास ना?'

म्हटलं, 'हो.'