कुमकुमनं दाखवलेलं नालंदा

बडगाव,
बुधवार, १० सप्टेंबर

आदरणीय भैया,

चरणी प्रणाम. इकडे सगळे सुखरूप. धान चांगलं धरलंय. सुरतेला भाभींची कंबर आता कशी आहे ते कळवा.

रविवारी सकाळी मी मोहरीच्या तेलाची बाटली घेऊन तेलिया बाबाकडे गेलो. थोरलीचा मुलगा चार महिन्यांचा झाला तरी अंग धरत नाही. बाबाच्या, त्या काळ्या दगडी बुद्धमूर्तीच्या, खांद्यावर तेल ओतलं, ओघळ हातात घेतला आणि लेकराला चोळला. आईनं तुमच्यासाठी हेच केलं होतं, मी आपल्या धाकट्या कुमकुमसाठी.

थोरली लेकराला घेऊन घराकडे वळली, आणि जुन्या विद्यापीठाच्या कुंपणापलीकडून कुमकुमचा आवाज आला. तिच्या कॉलेजच्या मुली अवशेष पाहायला आल्या होत्या; मास्तरांनी दाखवायचं काम तिच्यावरच सोपवलं होतं. भैया, पन्नाशी आली, पण तिकीट काढून मी कधी आत गेलो नव्हतो. आपल्याच गावात पाहुण्यासारखं काय जायचं! त्या दिवशी गेलो.

भिक्खूंच्या खोल्यांपुढे उभी राहून ती सांगत होती, "लोक महिनोन् महिने चालत इथं यायचे. दारावरचा पंडित आधी प्रश्न विचारायचा. उत्तर आलं तर आत, नाहीतर आल्या वाटेनं परत."

एक मुलगी म्हणाली, "तू तर इथलीच गं, तुला तसंच सोडलं असतं!"

"छे! मला दोन प्रश्न जास्तच. गाववाल्यांचा काय भरवसा, तेलाची बाटली घेऊन येतात!"

तेवढ्यात मी दिसलो, हातात बाटली. तिनं जीभ चावली. सगळ्यांत मोठ्यानं हसलो मीच.

लंकेहून आलेले एक म्हातारे भिक्खू ऐकत होते. त्यांनी मास्तरांकरवी विचारलं, "हिला कुणी शिकवलं?" कुमकुमनं माझ्याकडे बोट केलं. "बाबूजींनी. रोज सायकलवर सिलावच्या शाळेत सोडायचे." त्यांनी मला हात जोडले. मला, आठवी पास माणसाला!

आता लपवलेलं सांगतो. एम.ए.साठी पाटण्याच्या कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागून तीन आठवडे झाले. मी तुम्हाला कळवलं नाही, कारण हिलशाचं स्थळ तुम्ही मायेनं जमवलंत, आणि लग्नानंतर शिक्षण बंद ही त्यांची अट मी मान हलवून मान्य केली होती. प्रवेशाची मुदत मंगळवारी संपत होती. रविवारी तिचं बोलणं ऐकताना कळलं, दारावर मीच बसलोय, आणि एकही प्रश्न न विचारता तिला परत धाडतोय.

सोमवारी हिलशाला गेलो. म्हटलं, लग्न दोन वर्षांनी करू, तिला शिकू द्या. मुलाचे वडील जागेश्वर बाबू म्हणाले, "छठू बाबू, पोरगी शिकून कलेक्टर होणार काय?"

म्हटलं, "ते माहीत नाही. पण विचारलं तर उत्तर देते."

"मग उत्तरंच ठेवा घरात. आमची सून चुलीपाशी शोभेल."

लग्न ठरलं तेव्हा छेक्याला त्यांच्याकडून आलेली साडी आणि नारळ मी त्यांच्या खाटेवर ठेवून नमस्कार केला.

भैया, शब्द तुमचा होता, मोडला मी. रागवायचं ते माझ्यावर रागवा, तिच्यावर नको. काल पाटण्याला जाऊन मी कुमकुमचं नाव दाखल करून आलो.

तुमच्या शब्दाबाहेर पहिल्यांदाच गेलेला,
धाकटा छठू